पाहुणे झोपलेत

मी शिलाई मशीन बोलतेय. सुरतेच्या उधन्यातल्या एका दुमजली घरात, वरच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. गल्लीत कुणालाही विचारा, माझ्याबद्दल एकच सांगतील. हिच्या आवाजापायी खालच्या अमोलची झोप गेली आणि झोपेपायी बिचाऱ्याची दोन बोटं गेली. दोन महिने मी हे ऐकून घेतलं. आता तुम्ही माझं ऐका. मी सुईची आहे, मला टोचून बोलायची सवय आहे, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म लुधियान्याचा. तिथे माझ्यासारख्या ढिगाने तयार होतात, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचं स्टँड आणि पायाने हलवायची फळी. उधन्याच्या दुकानातून पांडुरंगने मला हातलारीवर घालून घरी आणलं. तेव्हा हे घर म्हणजे एक पत्र्याची खोली होती. पांडुरंग लूमवर, कापडाच्या मागावर, बारा-बारा तास उभा असायचा आणि त्याची बायको इंदुबाई घरात परकर शिवायची. तिने पहिल्या दिवशी मला हळद-कुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून जे राबवलं ते वीस-बावीस वर्षं राबवलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मशीन राबण्यासाठीच असते.

पत्रे गेले, भिंती आल्या, मग स्लॅब पडला, मग वर भाड्याने द्यायला एक खोली चढली. लोक म्हणतात पांडुरंगने घर बांधलं. म्हणू द्या. प्रत्येक विटेमागे किती परकर होते ते इंदुबाईला आणि मला माहीत आहे.

तिचे गुडघे गेले तसं माझं नशीब फिरलं. मला कोपऱ्यात सारलं, वर फुलाफुलांचं कापड टाकलं, आणि मग काय, घरातल्या सगळ्या बेवारस वस्तूंना जागा मिळाली. औषधाच्या पिशव्या, मोबाईलचे चार्जर, न घातलेले स्वेटर. सुरतेत स्वेटर कोण घालतं? सहा वर्षं मी तशी पडून होते. तेलाचा एक थेंब कुणी घातला नाही.

पांडुरंगला भाडेकरू सांभाळता येत नाहीत असं समजू नका. आताच्या भाडेकरूच्या, वाल्मिकच्या, आधी वरच्या खोलीत दगा नावाचा एकटा माणूस राहायचा. त्याला मोठ्याने गाणी लावायचा शौक होता. पांडुरंग दोनदा वर गेला. पहिल्यांदा म्हणाला, "दगा, आवाज कमी कर." दुसऱ्यांदा म्हणाला, "दगा, खोली बघ दुसरी." विषय संपला, आणि शिव्या न देता संपला. घरमालकाने बोलायचं असतं तसं तो बोलला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याच माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग वाल्मिक आणि जयश्री तान्ह्या मुलाला घेऊन खोली बघायला आले. वाल्मिक लूमवर दिवसपाळीला. बोलता बोलता निघालं की जयश्रीचं माहेर पांडुरंगच्याच गावचं, खानदेशातलं, शिंदखेड्याकडचं, याच्या घरापासून चार घरं सोडून. झालं. पांडुरंगने पुढे एक प्रश्न विचारला नाही. इंदुबाईने खुर्ची पुसून दिली. गावची लेक ती आपली लेक, आणि लेकीचा नवरा तो गावाचा जावई. जावयाला नावाने हाक मारायची नाही, पाहुणे म्हणायचं, खाली बसू द्यायचं नाही, आणि उणादुणा शब्द तर मरेस्तोवर बोलायचा नाही. ही त्यांची रीत. गावाकडे ठीक आहे हो. तिथे जावई वर्षातून दोनदा येतो, चार दिवस मिरवतो आणि आपल्या घरी जातो. हा जावई तुमच्या डोक्यावर बारा महिने राहणार आहे, एवढा साधा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

इंदुबाईला स्वतःची मुलगी नाही. एकटा अमोल. मुलगी हवी होती हे ती मला शिवता शिवता किती वेळा बोलली असेल. त्यामुळे जयश्री आली आणि ती पाघळली. आठ दिवसांत तिने मला स्वेटराखालून बाहेर काढलं, तेल घातलं, कुंकू लावलं, वर खणाचं कापड ठेवलं आणि जयश्रीला म्हणाली, "माहेरची भेट समज." माझ्या डोळ्यांत पाणी येत असतं तर तेव्हा आलं असतं. अमोल आणि पांडुरंगने मला उचलून वर नेलं. हो, अमोलनेच. आणि ठेवली कुठे? खिडकीखाली. खिडकीखाली म्हणजे बरोबर त्याच्या खाटेच्या वर.

जयश्री हाताची गुणी. साड्यांना लेस लावायचं काम तिने घरी आणलं. पायाने भागेना, म्हणून वाल्मिकने मला मोटर बसवली. या वयात मोटर! सुरुवातीला मलाही मजा वाटली. सकाळी नवाला बसली की संध्याकाळी सहापर्यंत घर्रर्र, घर्रर्र, मध्ये फक्त जेवणापुरती सुट्टी. माझं स्टँड बिडाचं, खाली फरशी, फरशीखाली स्लॅब. आवाज वरच्या खोलीत जेवढा होतो त्याच्या दुप्पट खाली उतरतो. मला हे माहीत होतं. मी सांगणार कसं?

आणि एकटी मीच नव्हे. वाल्मिकचं बोलणं ऐका कधी. लूममध्ये दहा वर्षं काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही, त्याचे कान कधीच गेलेले असतात. सुट्टीच्या दिवशी तो गावाकडे फोन लावायचा तेव्हा फोनची गरज काय असं वाटायचं. टीव्हीही तसाच. त्याला वाटायचं आपण बेताने बोलतोय.

आता अमोल. तो सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, रात्रपाळीला होता. ओलं कापड दोन रोलरांमधून जातं, तिथे कापडाची कड हाताने सरळ करत उभं राहायचं. तिथे डुलकी लागली तर काय होतं ते सांगायला नको. सकाळी नवाला घरी यायचा, आंघोळ, दोन घास, आणि दहाला खाटेवर. बरोबर दहाला मी वर तापलेली असायचे.

स्लॅबमधून आवाज खाली जातो तसा वरही येतो. मला त्याचं कूस बदलणं ऐकू यायचं. उशी कानावर दाबून "आई, बोल ना काहीतरी त्यांना" म्हणणं ऐकू यायचं. इंदुबाई म्हणायची, "अरे, लहानपणी याच मशीनच्या आवाजात झोपायचास की." झोपायचा, खरं आहे. पण तेव्हा त्याला उठून रोलरसमोर उभं राहायचं नव्हतं, बाई.

ही माणसं घरात अहिराणी बोलतात. तुमच्यासाठी मी जरा सोपं करून सांगतेय. एके दिवशी अमोल बापाला म्हणाला, "आबा, काल उभ्या उभ्या डोळा लागला. बाजूच्याने ओढलं म्हणून वाचलो." तेव्हा पांडुरंग घाबरला. मी वर ऐकत होते, मला वाटलं, आता हा येणार, दगाला बोलला तसं दोन वाक्यांत बोलणार.

आला कुठला! त्याने जे केलं ते ऐका.

आधी त्याने बायकोला पुढे केलं. इंदुबाई एक जुनी गोधडी घेऊन जिना चढली, धापा टाकत. जयश्रीला म्हणाली, "मशीनच्या पायाखाली घाल, फरशीची ओल लागून गंजेल." आवाज हा शब्द तोंडातून निघाला नाही. जयश्रीने गोधडी बघितली, हाताने शिवलेली, काकीच्या हातची. म्हणाली, "अशी गोधडी पायाखाली कोण घालतं, काकी?" आणि घडी करून ट्रंकेत ठेवली. इंदुबाई चहा पिऊन खाली गेली. मी फरशीवर तशीच उभी.

मग पांडुरंगने नवी युक्ती काढली. दुपारी जिन्याखाली उभं राहून शेजारच्या उषाबाईशी मोठ्याने बोलायचं. "आमचा अमोल रात्रपाळीला असतो हो, दिवसा झोपावं लागतं हो." कुणासाठी बोलत होता? वर मी घर्रर्र करत होते, जयश्रीला काय ऐकू येणार? वाल्मिक कामावर. आणि सुट्टीच्या दिवशी बोलला तर वाल्मिकच्या कानांपर्यंत पोचणार कसं? त्या उषाबाईला मात्र अमोलचं झोपेचं वेळापत्रक पाठ झालं.

तिसरी युक्ती तर लाज वाटण्यासारखी. पांडुरंग दुपारी गुपचूप वरच्या खोलीचा मेन स्विच पाडायला लागला. लाईट गेली, असं दाखवायचं. जयश्रीचं काम अडलं. मग तिने मोटरचा पट्टा काढला, जुना पट्टा चढवला आणि मला पायाने चालवायला लागली. माझी फळी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, तिचे सांधे इंदुबाईच्या गुडघ्यांसारखे. घर्रर्रच्या जागी खडखड-खडखड सुरू झालं. खाली अमोल उठून बसला. चार दिवसांनी वाल्मिक खाली आला आणि म्हणाला, "आबा, फक्त आमच्याच खोलीची लाईट कशी जाते? मी वायरमन बोलावलाय." वायरमन आला, त्याने सगळं तपासलं, काही सापडलं नाही. त्याला चहा पाजला पांडुरंगनेच. स्विचला त्यानंतर त्याने हात लावला नाही.

मला राग येतो तो इथे. पोटच्या पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही स्विच पाडताय, गोधड्या वाटताय, भिंतींशी बोलताय. चार पायऱ्या जास्त चढून एक वाक्य बोलायचं होतं. जयश्री वाघीण नव्हती. ती ऐकणाऱ्यातली होती, हे मला तिच्या हातावरून कळत होतं. मूल झोपलं की ती माझं चाक हाताने फिरवायची, सावकाश, एकेक टाका. पण खाली कुणाला झोपायचं असतं हे तिला कधी कुणी सांगितलंच नाही. अमोल दिवसा कुठे असतो, असा विचार तिने केला नाही, ही तिची चूक. तेवढी मी तिच्या पदरात टाकते. आणि अमोलचीही एक आहे. तो सव्वीस वर्षांचा घोडा, त्याने स्वतः वर येऊन सांगायला काय झालं होतं? "आबा मोठे आहेत, ते बोलतील." असं म्हणत त्याने वर्ष काढलं.

अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा इंदुबाई नवऱ्याला म्हणाली, "आता वाढवू नका. पोरगं वाळत चाललंय." पांडुरंग नवा शर्ट घालून वर आला. वाल्मिकने खुर्ची दिली, जयश्रीने पाणी दिलं. पांडुरंग पाणी प्यायला, माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला. "पाहुणे," तो म्हणाला, "येतोय तो अधिक महिना. धोंड्याचं जेवण आमच्याकडे." आणि करार पुढच्या अकरा महिन्यांसाठी वाढवून खाली उतरला. माझ्या सुईचं टोक त्या क्षणी मोकळं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

तर धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. ज्यांना मुलगी नाही त्यांना हे कधी करायला मिळत नाही. इंदुबाईने हौस भागवून घेतली. खापरावरचे मांडे, आमरस, भजी, कुरडया. भर उन्हाळ्यात चुलीपुढे बसून मांडे भाजले तिने, त्या गुडघ्यांनी. वाल्मिकने सुट्टी टाकली. जयश्री खाली मदतीला जायच्या आधी मला जुंपून बसली, कारण हातातल्या साड्या त्या दिवशी द्यायच्या होत्या. सकाळी नऊ ते साडेअकरा मी एका दमात चालले.

अमोल पाळी करून आलेला. साडेअकरापर्यंत माझ्यामुळे झोपला नाही. नंतर इंदुबाईने उठवला, "पाहुण्यांच्या पंगतीला घरचा माणूस नको का?" म्हणून तो वाल्मिकच्या शेजारी पाटावर बसला. माझ्यापर्यंत वाल्मिकचा आवाज येत होता. तो खूश होता, लूमच्या गोष्टी सांगत होता, प्रत्येक मांड्याला नको नको म्हणत होता. अमोलचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

जेवणं झाली. आमरस अंगावर आला आणि वाल्मिक जांभया द्यायला लागला. इंदुबाई म्हणाली, "वर कशाला चढता पाहुणे, इथेच पडा जरा." आणि त्याला कुठे निजवला? अमोलच्या खाटेवर. पंखा पाचवर. खिडकीला चादर.

जयश्री वर आली, शेवटची साडी राहिली होती ती माझ्याखाली घातली, मोटर चालू केली. अर्ध्या मिनिटात जिन्यावर पावलं वाजली. पांडुरंग स्वतः. चोरपावलांनी, ओठांवर बोट ठेवून. दारात उभा राहून हळूच म्हणाला, "जयू, मशीन बंद कर बेटा. पाहुणे झोपलेत."

जयश्रीने लगेच बटण दाबलं. "हो आबा," म्हणाली. बस. इतकंच लागलं.

वर्षभर जे वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही ते निघालं, पण कुणाच्या झोपेसाठी! दुपारभर त्या घरात चिडीचूप शांतता होती. भांडी वाजली नाहीत, टीव्ही लागला नाही, उषाबाईला सुद्धा हळू बोलायला सांगितलं. आणि ज्याला रात्री आठला रोलरसमोर उभं राहायचं होतं तो अमोल बाहेरच्या ओट्यावर भिंतीला टेकून उन्हाकडे बघत बसला होता. मी खिडकीतून बघत होते त्याला. पाचला वाल्मिक उठला, चहा प्यायला, आळस देत म्हणाला, "मस्त झोप लागली बुवा." सातला अमोल डबा घेऊन निघाला.

सकाळी नवाला तो आला नाही. मिलमधून फोन आला. उजव्या हाताची दोन बोटं रोलरने घेतली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

त्यानंतरचे आठ दिवस सांगण्यासारखे नाहीत. इंदुबाईचं रडणं स्लॅबमधून वर येत होतं. गल्लीने निकाल लावून टाकला: वरची मशीन. उषाबाई जयश्रीला जिन्यात गाठून म्हणाली, "तुझ्या मशीनने झोपू दिलं नाही पोराला. वर्षभर तुझे आबा माझ्याजवळ रडत होते." जयश्री वर आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. मला वाटलं आता ही मला भंगारात घालणार. घातली असती तरी मी काही बोलले नसते.

अमोल दवाखान्यातून घरी आला त्या संध्याकाळी जयश्रीने वाल्मिकला हाताला धरून खाली नेलं. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. इंदुबाईने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. जयश्री म्हणाली, "खुर्ची नको काकी. ते खाली बसतील." आणि वाल्मिक फरशीवर बसला असावा, कारण पांडुरंग गडबडून म्हणाला, "आरे पाव्हणा, खाले कसाले बठतस?"

"आबा," जयश्री म्हणाली, "माले कोणी सांगंच नही. त्या दिवशी तुम्ही एकदा सांगितलं, मी बंद केली की नाही? मग अमोलसाठी का नाही सांगितलं? तो तुमचा मुलगा ना? आम्ही इथे पाहुणे नाही. आम्ही भाडेकरू. आज आम्हाला भाडेकरूसारखं बोला. काय बोलायचं ते बोला, आम्ही ऐकायला आलोय."

मी वाट बघितली. आता तरी, पांडुरंग. आता तर तुझ्या पोराच्या हाताला पट्टी आहे. मग पांडुरंगचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला.

"इंदे," तो म्हणाला, "पाहुण्यांना चहा टाक."

मी लोखंडाची नसते तर तिथल्या तिथे फुटले असते.

खाटेवरून अमोल बोलला. ओरडला नाही. "दाजी, सकाळी दहा ते तीन मशीन बंद ठेवत जा. आणि फोनवर हळू बोला."

वाल्मिकला नीट ऐकू गेलं नाही. त्याने "काय?" म्हणून विचारलं. अमोलने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"बरं," वाल्मिक म्हणाला.

हे एवढंच होतं. ना भांडण झालं, ना नातं तुटलं, ना गावात कुणाची नाचक्की झाली. चहा सुद्धा झाला.

तुमच्या डोक्यावर कुणी राहत असेल, पाहुणा असो, सोयरा असो, साहेब असो, आणि त्याच्या आवाजाने तुमच्या घरातल्या कुणाचा डोळा लागत नसेल, तर माझ्या बयांनो आणि बाबांनो, जिना चढा. दार वाजवा. तोंडावर सांगा. मनात धरून माझ्यासारख्या मुक्या वस्तूंच्या नावाने बोटं मोडू नका. मला माझा आवाज कमी करता येत नाही, पण बटण माणसाच्या हाताजवळच असतं.

जयश्री शब्दाची पक्की निघाली. सकाळी दहाचा ठोका पडला की ती मोटर बंद करते, मला कापडाने झाकते आणि तीनपर्यंत हात लावत नाही. वाल्मिक घरी असला तर फोन घेऊन गच्चीवर जातो. पाच तास या घरात चिडीचूप शांतता असते.

खालची खाट रिकामी असते. बोटं गेल्यावर अमोलला रोलरवरून काढलं आणि मिलच्या गेटवर बसवलं. त्याला आता दिवसपाळी आहे.